कामानंतरचे कॉलेज



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी येथली रीत आहे. आमचे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात, युनियनच्या कचेरीत आणि थोडेसे पोलीस चौकीच्या बाकावर. तेव्हा पांडित्याची अपेक्षा आपण करू नये. बांधकाम मजुरांत आयुष्याची उमेदीची वर्षे घालविल्यावर एका गोष्टीविषयी आमचे मत पक्के झाले आहे, तेवढे आपणांपुढे ठेवतो. दिवसभर राबणाऱ्या माणसाला संध्याकाळी शिकता येईल असे कॉलेज हवे. आणि तेथे दोन विद्या मिळाव्यात: संगणकाचा प्रोग्रॅम लिहिण्याची, आणि बांधकामाचे व्यवस्थापन करण्याची.

हे मत पुस्तकातून आलेले नाही. वीसएक वर्षांपूर्वी एका इमारतीच्या कामावर तिसऱ्या मजल्याचा स्लॅब कोसळला. खाली काम करणाऱ्या एका बिगारी बाईचा पाय गेला. खालच्या दोन मजल्यांवर खोल्या लहान होत्या. तिसऱ्यावर साडेपाच मीटर गाळ्याचा हॉल होता. सेंट्रिंग आठव्या दिवशी खोलले. तेथे जालन्याकडचे एक वयस्क गवंडी होते. आम्ही त्यांना विचारले, "काका, तुम्हांला कळलं नाही का?" ते म्हणाले, "कळलं व्हतं दादा. अजून आठवडा पायजे असं वाटत व्हतं. पण हापिसात कागद लावलाय, त्यात सात दिस लिवलंय म्हणाले. कागदापुढं आपण काय बोलणार?"

तो कागद पुढे चौकशीत आमच्या हाती आला. संगणकावर काढलेले कामाचे वेळापत्रक होते ते, इंग्रजीत, आडव्या पट्ट्यांचे. बंधुभगिनींनो, खरे सांगावयाचे तर आम्हांलाही त्यातले ओ की ठो कळले नाही. मजुरांचा पुढारी म्हणून आम्ही टेबलाशी बसलो होतो आणि समोरच्या कागदाला अंगठेबहाद्दर होतो. ती लाज आम्ही आजवर विसरलो नाही. त्याच पावसाळ्यात आम्ही वाचनालयातून अंदाजपत्रकाचे आणि काँक्रीटचे पुस्तक घरी आणले.

पुस्तकात उत्तर दोन ओळींचे होते. भारतीय मानक ४५६, सन २००० ची आवृत्ती: साध्या सिमेंटच्या कामात स्लॅबचा गाळा साडेचार मीटरपर्यंत असेल तर टेकू सात दिवसांनी काढावेत, त्याहून मोठा असेल तर चौदा दिवसांनी. खालच्या मजल्यांचे सात दिवस कोणीतरी जसेच्या तसे वर उतरविले होते. गाळा बदलला याची दखल ना माणसाने घेतली, ना यंत्राने.

आता प्रोग्रॅम म्हणजे काय, हे याच उदाहरणावरून पाहा. संगणकाला काम सांगताना तीनच गोष्टी मुख्यतः लागतात. एक, क्रम: आधी हे, मग ते. दुसरी, अट: गाळा साडेचार मीटरहून मोठा असेल तर चौदा, नसेल तर सात. तिसरी, पुनरावृत्ती: प्रत्येक मजल्यासाठी हेच पुन्हा करा. आमचा गवंडी हे तिन्ही जन्मभर हातांनी करीत आला आहे. त्याच्याकडे तर्क नाही असे नव्हे. तो मांडण्याची लिपी नाही. त्या वेळापत्रकात पुनरावृत्ती होती, पण अट नव्हती. अट काकांच्या डोक्यात होती, पण त्यांना विचारले कोणी?

बांधकाम व्यवस्थापनाचेही तसेच. नकाशा वाचणे, माल मोजणे, अंदाज काढणे, मोजमाप वहीत नोंद करणे आणि कामांची साखळी लावणे, हा त्याचा गाभा. सेंट्रिंगला पाच दिवस लागतात, सळई कापून वाकवायला तीन. दोन्ही एकदम चालू शकतात, म्हणून दिवस आठ नव्हे, पाचच लागतात. उशीर सळईला झाला तर दोन दिवस चालून जाईल, सेंट्रिंगला झाला तर एकही नाही. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पाँट आणि रेमिंग्टन रँड या कंपन्यांच्या लोकांनी हीच रीत संगणकावर बसविली. तिला 'क्रिटिकल पाथ' असे भारदस्त नाव आहे. चांगला मुकादम ती नाव न घेता पाळतो. म्हणजे या दोन विद्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत.

आता कॉलेजाविषयी. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील जोलिएट गावी १९०१ साली एका हायस्कुलाच्या आधाराने दोन वर्षांचे सार्वजनिक कॉलेज निघाले. पहिले विद्यार्थी होते अवघे सहा. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना १९४४ च्या कायद्याने शिक्षणाचा खर्च मिळू लागला. १९४७ साली राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने गावोगाव अशी कॉलेजे असावीत असे सुचविले, आणि 'कम्युनिटी कॉलेज' हा शब्द रूढ झाला. आज एकट्या कॅलिफोर्नियात अशी ११६ कॉलेजे आहेत. प्रवेशाला दार मोठे, वर्ग संध्याकाळीही, प्रोग्रॅमिंग आणि बांधकाम व्यवस्थापन बहुधा एकाच आवारात, आणि दोन वर्षांची पदवी घेऊन पुढे विद्यापीठात जाण्याची वाट मोकळी. तेथे सारे आलबेल आहे असे मात्र नव्हे. फी पडतेच, आणि नोकरी-संसाराच्या ओढाताणीत मधेच सोडून जाणारे पुष्कळ. हा दोषही आपण ध्यानात ठेवावा.

परंतु ही कल्पना आपणांस परकी का वाटावी? जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली ती १८५५ साली, जोलिएटच्या आधी सेहेचाळीस वर्षे! कर्मवीर भाऊरावांनी 'कमवा आणि शिका' हा मंत्र दिला. कायद्याची चौकटही आपल्याकडे झाली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ साली कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. आय.टी.आय. मध्ये गवंडीकामाचा आणि संगणक प्रोग्रॅमिंग साहाय्यकाचा, दोन्ही अभ्यासक्रम आहेत. मग अडते कोठे? अडते ते वेळेवर आणि मजुरीवर. ज्याचे पोट सकाळी नाक्यावर उभे राहून भरते, तो वर्षभर दिवसाच्या वर्गात बसणार कसा?

आम्हांला तीन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला, "गवंड्याला संगणक कशाला?" त्याचे उत्तर त्या बाईच्या पायाने दिले आहे. दुसरा आक्षेप नवा आहे: "आता यंत्रच प्रोग्रॅम लिहू लागले, माणसाने शिकून काय करावे?" यंत्र लिहू लागले हे खरे. पण गाळा बदलला हे त्याला सांगणार कोण, आणि त्याने लिहिलेले बरोबर की चूक हे पारखणार कोण? लिहिणे स्वस्त होते तेव्हा तपासणे महाग होते. तिसरा आक्षेप आमच्याच घरातला: "शिकलेला पोरगा साहेब होतो आणि युनियन सोडतो." सोडतो, हे आम्ही अनुभवाने कबूल करतो. आम्ही ज्याला रात्री बसून नकाशा शिकविला, तो सुपरवायझर झाला आणि पहिल्याच तंट्यात टेबलापलीकडे बसलेला दिसला. वाईट वाटले. पण हजेरीपत्रक त्याने चोख ठेवले होते. त्या कामावर कोणाचा एक दिवस बुडाला नाही. माणसे अडाणी राहतील तरच टिकेल अशी युनियन बुडालेली बरी!

आमच्या मागण्या थोडक्या आहेत. वर्ग संध्याकाळी सातनंतर आणि नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर असावेत. शिकवणे मराठीत आणि हिंदीत असावे. इंग्रजी नकाशावरचे शब्द तेवढे ओळखता यावेत. दहा वर्षे थापी धरलेल्या माणसाच्या अनुभवाला गुण द्यावेत. बांधकामाच्या खर्चावर कल्याण उपकर घेण्याचा कायदा १९९६ साली झाला, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तो उपकर ठेवला आहे. त्या पैशातून फी आणि बुडालेली मजुरी भरून द्यावी, म्हणजे मधेच सोडणारे कमी होतील. आणि शेवटची, आमच्या मते सर्वांत मोठी: बायकांना जागा राखून ठेवावी. पुरुष बिगारीचा गवंडी होतो, गवंड्याचा मुकादम होतो. बाई मात्र आयुष्यभर घमेलेच वाहते. तिला थापी नाही, वही नाही, मग संगणक कोठला?

आपण शहरवासी मंडळी ज्या घरांत राहता, ती या माणसांनी बांधली आहेत. आपल्यापैकी कोणी इंजिनिअर आहेत, कोणी प्राध्यापक, कोणी बँकेतून निवृत्त झालेले. आठवड्याची एक संध्याकाळ आपण दिलीत तर सरकारची वाट न पाहताही एखादा वर्ग उभा राहील. फळा आमच्या कचेरीत आहे.

ते काका आता नाहीत. कागदापुढे आपण काय बोलणार, हे त्यांचे शब्द मात्र आमच्या कानांत आहेत. पुढच्या काकांनी त्या कागदावर बोट ठेवून "साहेब, इथे चौदा पाहिजेत" असे म्हणावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.