पाडव्याचा संकल्प आणि नांग्या भरणे

(डोणगाव, ता. मेहकर येथील शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



पाडवा जवळ आला. शहरातले नवे वर्ष 1 जानेवारीला उजाडते, आपले पाडव्याला. सालदाराचे साल बदलते, नवी बोली होते, आणि आपणही मनाशी काहीतरी बोलतो. यंदापासून तंबाखू बंद. यंदा उधारी नाही. यंदा खर्चाचा हिशेब ठेवायचाच. पुढे काय होते ते सगळ्यांना माहीत आहे. हसू नका, मी माझेच सांगतो आहे.

आपल्याच जिल्ह्यात, जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षयतृतीयेला तिथे शेतात घट मांडतात. भोवती अठरा धान्ये, मधे मातीची चार ढेकळे, त्यावर पाण्याची घागर. चार ढेकळे म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. रात्रीतून काय बदलले ते पाहून दुसऱ्या दिवशी पहाटे पावसापाण्याचे, पिकाचे सांगतात. लांबलांबून शेतकरी ऐकायला जातात. ते भाकीत किती खरे ठरते हा वाद आज नको. मला एवढेच दिसते की, साल आपले काय करणार हे ऐकायला आपण इतक्या लांब जातो. आपण सालाचे काय करणार हे ठरवायला मात्र घरच्या ओट्यावरसुद्धा बसत नाही.

माझे सांगतो. मी लागोपाठ चार पाडवे वही आणली. पहिल्या पानावर गंध-फूल, दुसऱ्या पानावर बियाण्याच्या थैल्या, तिसऱ्या पानावर डवरणीची मजुरी. चौथे पान कोरे. पाऊस लागला, निंदण आले, वही देवघरात राहिली. पाचव्या वर्षी बोंडे पावसात सापडली. दुकानदाराने उधारीचा कागद समोर ठेवला. आकडा बरोबर की चूक, हे सांगायला माझ्याकडे काही नव्हते. मी सही केली. त्या साली बैलजोडी खुंट्यावरून गेली.

रात्री घरची म्हणाली, "तुम्ही वही आणता, पण लिहायची कधी ते ठरवत नाही." मी म्हणालो, "वेळ मिळाला की लिहितो." ती म्हणाली, "मग ती लिहून होत नाही." तिने वही लेकीच्या हाती दिली. लेक तेव्हा सातवीत होती. रोज सांजेला दिवा लागला की ती वही उघडून विचारायची, "बाबा, आज काय लिहू?" पोरीसमोर खोटे बोलता येईना. वही चालू झाली ती आजवर चालू आहे. लेक सासरी गेली, आता सून विचारते.

भावांनो, माझा स्वभाव बदलला नव्हता. मी तोच आळशी माणूस होतो. बदलली होती ती घरातली व्यवस्था. वेळ ठरली, विचारणारे माणूस ठरले.

वारकरी हेच करतो. गळ्यात तुळशीची माळ घातली की मांस-दारू सुटली, एकादशी आली, पंढरीची वारी आली. पिढ्यान्‌पिढ्या हे का टिकले? भक्ती आहेच, पण माळ उघड्या गळ्यात असते. हा माणूस माळकरी आहे हे गावाला माहीत असते. आपला संकल्प मनात लपवलेला असतो. मोडला तरी कोणाला कळत नाही, म्हणून तो लवकर मोडतो.

याचा अभ्यासही झाला आहे. लंडनच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी 96 माणसांना एकेक साधी सवय लावून घ्यायला सांगितली, रोजच्या एखाद्या ठरलेल्या कामाला जोडून. त्याचा अहवाल 2009 साली निघाला. सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागतात असे दिसले. कोणाला 18 दिवस पुरले, कोणाला 254 लागतील असा हिशेब निघाला. 66 दिवस म्हणजे सरकी टोबल्यापासून पऱ्हाटीला फुले लागेपर्यंतचा काळ. पेरल्यावर आठव्या दिवशी बोंड दिसत नाही म्हणून कोणी पऱ्हाटी उपटतो का? संकल्पाचे मात्र आपण तेच करतो.

त्या अभ्यासात आणखी एक दिसले. एखाद्या दिवसाचा खाडा पडला म्हणून सवय लागायची थांबत नाही. हे तर आपल्याला कोणी शिकवायला नको. काही ठिकाणी सरकी उगवली नाही तर आपण सगळे वावर वखरत नाही, नांग्या भरतो. तंबाखू एक दिवस तोंडात गेली म्हणजे "गेला यंदाचा पाडवा, आता पुढच्या साली" म्हणायचे नाही. दुसऱ्या दिवशी नांगी भरायची.

पण काही बदल असे असतात की ते रोजच्या सवयीवर सोडायचेच नसतात. चांदवडला नोव्हेंबर 1986 मध्ये शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले. पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. ज्या गावात शंभर घरे जमिनीचा तुकडा घरच्या लक्ष्मीच्या नावावर करतील ते लक्ष्मीमुक्तीचे गाव. बायकोला मान देईन, असे पाडव्याला म्हणणे सोपे आहे. सकाळी उठून विसरणेही सोपे. पण तलाठ्याकडे फेरफार झाला, सात-बाऱ्यावर तिचे नाव चढले, की मग माणसाचे मन बदलले तरी कागद बदलत नाही. ज्यांनी तेव्हा हे केले त्यांनी आपल्या चांगल्या मनावर भरवसा ठेवला नाही. चांगले मन होते त्याच दिवशी सही केली.

आता कोणी म्हणेल, वही लिहून कापसाला भाव मिळतो का? नाही मिळत. तंबाखू सोडल्याने कोरडवाहू वावराला पाणी येत नाही. शेतकरी व्यसनी आहे, उधळ्या आहे, म्हणून कर्जात आहे, असे सांगणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या हातात मी काठी देणार नाही. भावाचे दुखणे भावाच्याच लढाईने जाईल. पण त्या लढाईत एक क्विंटल कापूस पिकवायला, एक क्विंटल ज्वारी पिकवायला तुला काय खर्च आला, असे कोणी विचारले तर उत्तर आपल्याजवळ पाहिजे. घामाचे दाम मागायचे तर घाम मोजलेला हवा. माझ्या वहीने मला सांगितले की बियाण्या-औषधापेक्षा निंदण आणि वेचणीच जास्त खाते. घरच्या माणसांची मजुरी तर मी कधी धरलीच नव्हती. ती धरली त्या साली मला माझ्या घरातल्या बायांचे काम पहिल्यांदा दिसले.

म्हणून या पाडव्याला दहा संकल्प नकोत, एकच करा. वहीचा करा, तंबाखूचा करा, सात-बाऱ्याचा करा. तो कधी करायचा ती वेळ ठरवा. घरातल्या एका माणसाला सांगा की मला रोज विचार. खाडा पडला तर नांगी भरा.

पोळ्याच्या सुमारास आपण पुन्हा भेटू. तेव्हा मी भाषण करणार नाही. वह्या घेऊन या, त्या उघडून बसू.