पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि शंका



लॅमिंग्टन रोडवर मराठी ग्रंथांच्या संगतीत बोलताना स्मरण होते ते याच कन्नड भूमीत, गंगामूळच्या अरण्यात १८५८ साली जन्मलेल्या पंडिता रमाबाईंचे. पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना उडुपीच्या पंडितांपुढे जाब द्यावा लागला. तो त्यांनी शास्त्राधारेच दिला. तोच वारसा कन्येकडे आला.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. त्यांनी बुद्धी गहाण टाकली, अशी इकडे समजूत. तिकडेही काहींची अपेक्षा तीच असावी! पण त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना बायबलात आढळेना. धर्ममाता सिस्टर जेराल्डिन यांना यात अहंकार दिसला. रमाबाईंनी १८८५ साली कळविले ते असे की, एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविल्यावर दुसऱ्याचे मानेवर घेण्यास आपण राजी नाही. हा पत्रव्यवहार अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजीत असला तरी अवश्य वाचावा.

शंका घेणारा तो बाहेरचा, असे मानण्याची सोय दोन्ही पक्षांना हवी असते. रमाबाईंनी ती कोणालाच दिली नाही. त्या ख्रिस्तीच राहिल्या. पुढे श्रद्धा दृढ झाली तीही कोणा धर्मगुरूच्या आज्ञेने नव्हे. आणि मग उतारवयात, केडगावी, हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी मुळाबरहुकूम बायबल मराठीत आणले. १९२२ साली निधन होईपर्यंत त्या त्याच कामात होत्या.