लेबल एक झालं, आता माल एक करायचा

यावल तालुक्यातल्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय.

गेल्या हिवाळ्यात जळगावच्या एका प्रदर्शनात आमच्या पाच गटांनी मिळून एक टेबल घेतलं होतं. केळीचे वेफर्स, बिबडे, उडदाचे पापड, कळण्याचं पीठ, काळा मसाला. दुसऱ्या दिवशी एक ताई परत आल्या. म्हणाल्या, "काल वेफर्स नेले, पोरांनी लगेच संपवले. आता तुमचाच मसाला द्या." मसाला त्यांच्या समोरच होता. पण वेफर्सला हिरवं लेबल, मसाल्याला लाल, पिठाला नुसती चिठ्ठी. "हाही तुमचाच का?" त्यांनी विचारलं. आम्ही हो म्हटलं, तरी त्या घुटमळल्या आणि निघून गेल्या.

मोठ्या कंपन्या हे कसं सांभाळतात? अमूल बघा. दूध, लोणी, चीज, आईस्क्रीम, सगळं वेगळं. दूध येतं गावोगावच्या हजारो संस्थांकडून. पण नाव लिहायची पद्धत एकच, म्हणून वाचता न येणारी आजीही पुडा ओळखते. आपल्या मोबाईलचंही तसंच. गूगलने २०१४ साली बटण कसं, अक्षर कसं, रंग कसा, याचे नियम जाहीर केले. त्यामुळे एक अ‍ॅप शिकलं की दुसरं सोपं जातं. मोठ्या कंपन्या असे नियम लिहून ठेवतात आणि सगळ्यांनी ते पाळायचे असतात.

आम्हीही ग्रामसंघाच्या बैठकीत नियमांची वही केली. लेबलचा आकार एक, अक्षर एक, नाव वरच्या बाजूला, वजन खाली उजवीकडे. फक्त रंगाची पट्टी पदार्थाप्रमाणे वेगळी. वाद झाला तो नावावरून. "दहा वर्षं आमच्या गटाचं नाव चालतंय, ते का पुसायचं?" बायांचं म्हणणं खरं होतं. मग ठरलं, पुढे सगळ्यांचं एक नाव आणि मागे बनवणाऱ्या गटाचं नाव, पत्ता, एफएसएसएआयचा १४ अंकी क्रमांक, पॅकिंगची तारीख. ही माहिती तशीही द्यावीच लागते.

विक्री वाढली. आणि मग एका गटाचे वेफर्स खवट निघाले. दुकानदाराने वेफर्स परत केलेच, पण पापड आणि मसालाही परत पाठवला. लेबल एकच ना! एकाची चूक पाचही गटांना भोवली.

तेव्हा आम्हाला लिज्जत पापडाची गोष्ट नीट कळली. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन काम सुरू केलं. आज हजारो बाया आपापल्या घरी पापड लाटतात, तरी पापड सारखाच लागतो. कारण पीठ शाखेतून एकाच प्रमाणात मळून मिळतं, आणि लाटून आणलेला पापड तपासूनच घेतला जातो. म्हणजे पुड्याचं रूप सगळ्यात शेवटी येतं. आम्ही तिथूनच सुरुवात केली होती.

आता लेबलं कुठल्याही गटाकडे नसतात, ग्रामसंघाच्या कपाटात असतात. माल आधी तपासायचा, तोही दुसऱ्या गटाच्या बाईने. तेल किती वेळा वापरलं, ते वहीत लिहायचं. ज्या गटाचा माल परत आला होता, त्या बाया पहिल्या महिन्यात रुसल्या. आज तपासायला त्याच सगळ्यात कडक आहेत.

मैत्रिणींनो, तुमचे गट एकत्र विकायचं ठरवत असतील, तर छापखान्यात जाण्याआधी एका बैठकीत एवढंच ठरवा: माल चांगला नसेल तर "नाही" कोण म्हणणार? आणि ती नाही म्हणाली, तर तिच्यावर कुणी रुसायचं नाही.