पाण्यात टिकणारं बियाणं : खरं किती, खोटं किती?



कोरडवाहूच्या बैठकीत पाणी साचण्याची गोष्ट कशाला, असं कुणी म्हणेल. पण गावोगाव आम्ही तेच गाऱ्हाणं ऐकतो. तीन आठवडे थेंब नाही, मग तीन दिवसांत शेताचं तळं. ज्वारी पिवळी पडते, कपाशी उभ्या उभ्या मान टाकते. दुकानदार सांगतो, ‘पाण्यात टिकणारं वाण येतंय.’

आधी दुखणं समजून घेऊ. मुळांनाही श्वास लागतो. प्राणवायू पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू सरकतो. काळ्या जमिनीचा वाफसा मोडला की मुळं गुदमरतात आणि झाड पाण्यात उभं राहून तहानेनं मरतं.

भाताच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून तो चिखलात जगतो. पण पुरात पूर्ण बुडाला की तोही हवेसाठी उंच वाढतो, गाठीची शिदोरी संपवतो आणि पाणी उतरताच कोसळतो. ओडिशाच्या जुन्या देशी भातातून निवडलेलं एफआर १३ ए मात्र वाढ थांबवून गप्प बसतं, शिदोरी राखतं. या गुणाची गुणसूत्रावरची जागा १९९६ साली सापडली. २००६ साली सब-१ए हा जनुक हाती आला. संकर आणि निवड करून तो स्वर्णा भातात आणला. २००९ साली भारतात आलेलं स्वर्णा-सब-१ दोन आठवड्यांपर्यंत बुडून तग धरतं, आणि पूर आला नाही तरी उतारा घटत नाही.

म्हणजे विज्ञान खरं आहे, आणि त्याचं मूळ शेतकऱ्यानं राखलेल्या बियाण्यात आहे.

पण हा जनुक बुडालेल्या रोपासाठी आहे. आपलं दुखणं गुदमरलेल्या मुळांचं. मका, गहू, बार्लीत तो गुण अनेक जनुकांत वाटलेला आहे. एका किल्लीनं ते कुलूप उघडत नाही. म्हणून दुकानदाराला विचारा : किती दिवस टिकतं? कोणत्या जमिनीत? पिकाच्या कोणत्या वयात? चाचणी कुणी घेतली? उत्तर नसेल तर जादा पैसा देऊ नका.

तोवर डवऱ्याच्या जानोळ्याला दोरी गुंडाळून सऱ्या पाडा, बांधाकडे चर काढा. आणि चिबडात जी देशी ज्वारी हिरवी राहिली, तिची कणसं वेगळी बांधून ठेवा. उद्याचा जनुक कदाचित त्याच पेंढीत असेल.