तात्कालिक गतीचा हिशेब



शिवडी ते न्हावाशेवा हा 21.8 किलोमीटर लांबीचा अटल सेतू 12 जानेवारी 2024 रोजी राष्ट्राला अर्पण झाला. मोटारींसाठी तेथे ताशी 100 किलोमीटरांची मर्यादा ठरविण्यात आली. एखाद्या मोटारीने हे अंतर 16 मिनिटांत कापले, तर सरासरी वेग ताशी सुमारे 82 किलोमीटर येतो. तेवढ्याने चालकाने मर्यादा पाळली असे सिद्ध होत नाही. मध्येच तो 120 वर गेला असेल आणि पुढे रेंगाळला असेल. सरासरी ही अशी काहीशी भाबडी असते. अपघात मात्र त्या क्षणाच्या वेगाने होतो.

क्षणाचा वेग मोजावयाचा कसा? उभी असलेली मोटार निघाली आणि जितके सेकंद झाले त्या संख्येच्या वर्गाइतके मीटर ती गेली, असे समजावे. दहा सेकंदांत 100 मीटर, म्हणजे सरासरी सेकंदाला 10 मीटर. दहाव्या सेकंदानंतरच्या एका सेकंदात ती 21 मीटर जाते. अवधी एक दशांश सेकंद घेतला, तर वेग 20.1 येतो, एक शतांश घेतला, तर 20.01. अवधी शून्याकडे नेत गेल्यास उत्तर 20 कडे येते. हा झाला ताशी 72 किलोमीटर वेग, सरासरीच्या थेट दुप्पट! अंतराच्या या बदलाच्या दराला अवकलज म्हणतात. वेगाचा अवकलज म्हणजे त्वरण.

न्यूटन आणि लाइबनिट्स यांनी सतराव्या शतकात या विषयाचे सर्वसाधारण शास्त्र उभारले. परंतु सह्याद्रीच्या परिसरातील भास्कराचार्यांनी 1150 मध्ये रचलेल्या ‘सिद्धांतशिरोमणी’तच ‘तात्कालिकी गती’ आढळते. चंद्र दिवसाला कधी सुमारे 12, तर कधी 15 अंश सरकतो. दिवसाच्या स्थूल गतीवरून तिथीचा अंत काढल्यास चूक राहते. म्हणून त्यांनी त्या क्षणाची गती घेण्यास सांगितले. चाळीसगावजवळ पाटणे येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख आहे.

सेतूवर एका बाबतीत मात्र सरासरीही पक्की साक्ष देते. हे अंतर 13 मिनिटांत कापले गेले, तर सरासरी 100 च्या वर जाते; मग मध्यमान सिद्धांतानुसार कोणत्या तरी क्षणी वेग तेवढा असलाच पाहिजे, वाटेत एकही कॅमेरा नसला तरी.

वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. कोरड्या रस्त्यावर वेग दर सेकंदाला 7 मीटर प्रतिसेकंद या दराने घटत गेला, तर ताशी 50 किलोमीटर वेगाची मोटार सुमारे 14 मीटरांत थांबते, 100 वेगाची 55 मीटरांत. पावसात ही अंतरे आणखी वाढतात.