मजुराच्या अर्जाची पोच
(आकुर्डी येथील सभेंत झालेलें भाषण)



आपल्यापुढें झोळी पसरण्यापूर्वीं एक जुना हिशेब मांडतों. 1877 च्या दुष्काळांत सर रिचर्ड टेंपल यांनीं मजुरींतील धान्य दिवसाला एक पौंडावर आणलें, तेव्हां पुण्याच्या सार्वजनिक सभेनें सरकारकडे लेखी तक्रार केली. त्या काळीं काम देणें ही सरकारची मर्जी होती. पुढें 1973 च्या मे महिन्यांत या राज्यांत सुमारें 49 लक्ष माणसें दुष्काळी कामांवर राबत होतीं, तींही मर्जीवरच.

ही मर्जी मोडली वि. स. पागे यांनीं. 1965 सालीं तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें त्यांनीं केलेल्या प्रयोगांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. तिचा कायदा 1977 सालीं झाला व 26 जानेवारी 1979 पासून अमलांत आला. काम मागणाऱ्यास 15 दिवसांत काम, न दिल्यास बेकारभत्ता! मध्यवर्ती सरकारनेंही 2005 च्या कायद्यांत हाच नियम घेतला.

पैसा कोणाचा, हें या गांवीं तरी सांगावयास हवें. 1975 सालीं व्यवसायकर बसला तो याच कामासाठीं. आकुर्डीच्या कारखान्यांतील पगारदार, पेठेंतला व्यापारी, सर्वांनीं तो भरला; बागायती जमिनीवरही जादा आकार बसला, आणि जमेइतकीच रक्कम सरकारनें आपल्याकडून घालावयाची असें ठरलें. बागाइतदारांनीं कपाळास आठी घालूं नये. 1990 पासून याच योजनेंतून खासगी शेतांत फळबागाही लागल्या. पाझर तलावांचें पाणी तर कोणाच्या विहिरींत उतरलें, हें जमीनदार मंडळी जाणतातच.

तेव्हां उणीव पैशाची नव्हे, कागदाची आहे. कामाविना बसलेल्या एका बाईस मीं विचारलें, “अर्ज कधीं दिला?” ती म्हणाली, “तोंडी सांगितलंय सायबाला, दोनदां.” तोंडी मागणीला तारीख नसते, तारीख नाहीं म्हणून 15 दिवस सुरू होत नाहींत आणि भत्ताही निघत नाहीं. कचेरींतील माणूस पोच देण्यास कां कचरतो, तें यावरून समजावें.

धान्य आपण देतांच. तें बंद करा असें मी म्हणत नाहीं. परंतु यंदाच्या वर्गणींतून कांहीं रक्कम निराळी काढून प्रत्येक दुष्काळी गांवीं एक लिहिणारा बसवावा. त्यानें अर्ज लिहावा, मजुराबरोबर कचेरींत जावें आणि तारखेची पोच हातीं पडल्याशिवाय उठूं नये. आपल्या दुकानांतील एखादा कारकून आठवड्यांतून एक दिवस मोकळा करून दिलात, तरी ती देणगीच समजूं. नांवें आजच लिहून घेत आहोंत.