कुंपणाआतला व्यापार आणि आपले घर

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



वर्धापनदिनी गोड बोलावे असा रिवाज आहे. परंतु यंदाच्या हळदीकुंकवाच्या वेळी आपल्यातील दोघींनी मला दोन प्रश्न विचारले, आणि ते मनातून जाईनात. पहिलीने विचारले, "मुलीला सीप्झमध्ये दागिन्यांच्या कारखान्यात काम मिळते आहे, पाठवू का?" दुसरीचे माहेर पेणकडचे. ती म्हणाली, "बाई, सेझच्या वेळी माझ्या भावाने जमीन द्यावयाचे नाकारले. त्याने शहाणपणा केला की वेडेपणा?" प्रश्न दोन, पण विषय एकच. तो म्हणजे मुक्त व्यापार क्षेत्र. म्हणून आज त्याविषयीच बोलावे असे मी ठरविले.

हे क्षेत्र म्हणजे काय, ते आधी पाहू. पूर्वी मुंबईच्या वेशीवर जकात नाका असे. माल आत आणावयाचा तर जकात भरावी लागे. आता अशी कल्पना करा की वेशीच्या आतच एका जागेला कुंपण घातले आणि सांगितले, या कुंपणात येणाऱ्या मालावर जकात नाही. मात्र तेथे तयार झालेला माल परदेशी गेला पाहिजे. गावात विकावयाचा झाला तर जकात भरूनच बाहेर काढावा. बस, हेच ते क्षेत्र. जागा आपल्या देशात, पण जकातीच्या हिशेबाने परदेशात. बाहेरून बिनजकातीचे सोने येते, आपल्या मुली त्याचे दागिने घडवितात आणि ते दागिने परदेशी जातात. सोने त्यांचे, हात आपले, आणि मजुरी व परकीय चलन देशात राहते.

आपल्याकडे असे पहिले क्षेत्र १९६५ साली कच्छमधील कांडला बंदराजवळ निघाले. ते आशियातीलही पहिलेच होते. १९७३ साली अंधेरीला सीप्झ निघाले. आधी तेथे केवळ इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने होते, दागिन्यांचे काम मागाहून आले. चीनने १९८० साली शेन्झेन येथे हाच प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर केला आणि तेथे आज महानगर उभे आहे. ते पाहून आपल्या सरकारने २००० साली नवे धोरण आखले आणि २००५ साली विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा केला. त्यालाच आपण सेझ म्हणतो.

आता लाभाची बाजू प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सीप्झमुळे हजारो मुलींच्या हाती स्वतःची कमाई आली. ज्या घरात बापाच्या गिरणीला टाळे लागले, त्या घराची चूल अनेकदा लेकीच्या पगारावर पेटली. बारीक कामात हात बसला की ते कौशल्य तिच्यापाशी राहते, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. नाके मुरडून आपण हे नाकारू नये.

परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हे सारे काम परक्या गिऱ्हाइकावर अवलंबून असते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयात शुल्क लावले, तेव्हा दागिन्यांच्या धंद्याला धक्का बसला. निर्णय वॉशिंग्टनला होतो आणि धास्ती अंधेरीच्या चाळीत पसरते. शिवाय अनेक राज्यांनी सेझमधील कारखान्यांना 'सार्वजनिक उपयोगाची सेवा' ठरविले होते. त्यामुळे तेथे आगाऊ नोटीस दिल्यावाचून संप करणे बेकायदा ठरे. दागिने घडविणे ही पाणीपुरवठ्यासारखी सेवा कशी, याचे उत्तर मला आजवर सापडलेले नाही. आणि करमाफीचे काय? नव्या कारखान्याला निर्यातीच्या नफ्यावर पहिली पाच वर्षे आयकर पूर्ण माफ व पुढील पाच वर्षे निम्मा, अशी सवलत होती. २०२० नंतर सुरू झालेल्या कारखान्यांना ती उरली नाही. पण सोडलेला कर कोठून तरी भरून काढावा लागतोच.

जमिनीचा प्रश्न याहून कठीण. रायगडमध्ये पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतील चाळीसहून अधिक गावांची जमीन एका खाजगी सेझसाठी घेण्याचे घाटत होते. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे नेते शेतकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील २२ गावांत २१ सप्टेंबर २००८ रोजी सरकारने शेतकऱ्यांचे मतच घेतले. लोकांचा कौल विरोधाचा होता. पुढे ते भूसंपादन बारगळले. गोव्यात तर लोकांच्या विरोधापुढे नमून २००७ च्या अखेरीस सरकारने सेझ रद्द करण्याची घोषणा केली. बंगालमध्ये मात्र १४ मार्च २००७ रोजी नंदीग्रामला गोळीबार होऊन १४ माणसे गेली.

मग त्या भावाने काय केले? महालेखापरीक्षकांच्या २०१४ च्या अहवालात असे दिसले की सेझसाठी अधिसूचित झालेल्या जमिनीपैकी सुमारे ३८ टक्के जमिनीवर काम सुरूच झाले नव्हते. म्हणजे शेत गेले आणि कारखानाही आला नाही, असे पुष्कळ ठिकाणी घडले. त्याला वेडा म्हणण्याचे धाडस मी तरी करणार नाही. पण मी त्या भगिनीला उलट विचारले, "सातबाऱ्यावर वहिनीचे नाव आहे का?" ती गप्प झाली. जमीन द्यावयाची की नाही, हे ज्यांची नावे कागदावर असतात तेच ठरवितात. लावणीला कंबर मोडते तिला कोणी विचारीत नाही.

पहिल्या भगिनीला मी सांगितले, मुलीला जरूर पाठवा. पण डोळे उघडे ठेवून पाठवा. नेमणुकीचे पत्र हाती घ्या. ती कंपनीच्या पटावर आहे की कंत्राटदाराच्या, ते पाहा. भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक मिळाला का आणि राज्य विम्याचे कार्ड झाले का, विचारा. उशिरा सुटल्यावर घरी पोहोचविण्याची सोय आहे का? दहा किंवा अधिक माणसे कामाला असतील तेथे २०१३ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांच्या छळाच्या तक्रारींसाठी समिती असावीच लागते. ती कोणाची आहे, हे मुलीला माहीत हवे. कुंपणाआत जकात माफ असेल, पण माणुसकी आणि कायदा माफ नाही.

आणि मंडळाने एक करावे. आपल्यातील ज्यांच्या मुली अशा कामावर आहेत, त्यांनी महिन्यातून एकदा मुलींसह येथे बसावे. एकटी मुलगी साहेबापुढे बोलत नाही; दहाजणी एकत्र आल्या की प्रश्न विचारता येतात. आपल्या भिशीला आपण जितक्या नेमाने येतो, तितक्याच नेमाने या बैठकीला आलो तर आजचे बोलणे सार्थकी लागेल.